बदलापूर ते हरिहरेश्वर: तिथी बघून आखायची सहल

अलिबाग-मुरूडकडे दोन दिवस जायचं ठरलं की आपल्याकडे आधी किलोमीटर मोजले जातात. बदलापूरहून किती, अंबरनाथहून किती, उल्हासनगरच्या कॅम्प पाचहून निघालं तर नेवाळी नाक्यावर किती वेळ मोडेल. मग गाडी ठरते, राहायची जागा ठरते, बघायच्या ठिकाणांची लांबलचक यादी होते. भरती-ओहोटीची चौकशी मात्र कोणी करत नाही. ती होते थेट अलिबागच्या वाळूत उभं राहिल्यावर, समोर कुलाबा किल्ला आणि मध्ये छातीभर पाणी असताना. किनाऱ्यावरचे निम्मे थांबे पाण्याच्या वेळेवर चालतात. म्हणून या सहलीची आखणी भिंतीवरच्या कॅलेंडरपासून करावी, असं माझं ठाम मत आहे.

कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब अगदी सोपा आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. येईल ती भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार. पहाटे पावणेचारच्या सुमारास पाणी पूर्ण चढलेलं, दुपारी चारच्या आसपास पुन्हा चढलेलं आणि मधोमध, सकाळी दहाच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा उगवतो, त्याच्या मागोमाग भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते, एवढंच त्यामागचं गणित. पाऊणपटीचा हिशेब पौर्णिमा-अमावास्येकडे जाताना थोडा मागे पडतो. पौर्णिमेला तो सव्वाअकरा सांगतो आणि भरती खरी येते बाराच्या सुमारास. तेव्हा अर्ध्या-पाऊण तासाची ढील धरावी आणि निघायच्या आदल्या दिवशी भरतीचा तक्ता बघून वेळ पक्की करावी. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी असे तक्ते प्रसिद्ध करतो, आणि मोबाइलवरही त्या-त्या किनाऱ्याच्या वेळा मिळतात.

वेळेइतकंच महत्त्व पाणी किती उतरतं याला आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप चढतं आणि खूप उतरतंही. मुंबईकडच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती साडेचार मीटरच्याही वर जाते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो. तेव्हा चढ कमी, उतारही कमी. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला येते म्हणून खूश होऊन कुलाबा किल्ल्याकडे निघालात, तर मधला पट्टा पुरता कोरडा होईलच असं नाही. पौर्णिमेला पाणी खूप मागे जातं खरं, पण सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. म्हणजे किल्ल्यात चालत जायची दिवसाची वेळ हुकते. त्या बदल्यात सूर्यास्ताला दिवेआगरची वाळू दूरवर उघडी पडलेली मिळते. पौर्णिमेच्या शनिवारी जाणाऱ्यांनी किल्ला सोडावा आणि ती संध्याकाळ घ्यावी.

माझी पसंती पंचमीच्या शनिवाराला. शनिवारी दहाच्या सुमारास ओहोटी, रविवारी षष्ठीला ती पावणेअकराच्या सुमारास. पहिली कुलाबा किल्ल्याला लागते, दुसरी हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेला. दोन दिवस, दोन ओहोट्या. महिन्यात पंचमी दोनदा येते. चौथ किंवा षष्ठी शनिवारी आली तरी घड्याळ तासभर मागेपुढे करून हीच सहल जमते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत चांगले. पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात, समुद्र खवळलेला असतो आणि खडकांवर शेवाळ धरतं. नारळी पौर्णिमेपर्यंत तरी किनाऱ्यावरचे लोकही समुद्राला मान देऊनच वागतात.

शनिवारी पहाटे पाचला घर सोडा. मुंबईकरांना भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला गाडीसकट नेणारी रो-रो बोट आहे. २०२० साली ती सुरू झाली तेव्हा तिचं खूप कौतुक झालं. आपल्याला तिचा उपयोग नाही, धक्क्यापर्यंत जाण्याच्या वेळात आपण पेणला पोचतो. बदलापूर-अंबरनाथकरांनी काटई-बदलापूर रस्त्याने, उल्हासनगरकरांनी नेवाळीवरून खोणीला यायचं, तिथून तळोजा, कळंबोली आणि पळस्पे फाटा. पुढे मुंबई-गोवा महामार्ग, कर्नाळ्याचा सुळका, पेण आणि वडखळ. वडखळचा नाका हा या रस्त्याचा घसा आहे. तो सातच्या आत ओलांडला तर अलिबाग साडेआठच्या आत. नऊनंतर पोचलात तर दहाची ओहोटी गेलीच म्हणून समजा. कर्जत-खोपोलीवरून पेणला उतरणारा रस्ताही आहे आणि विनोबांचं जन्मगाव गागोदे त्याच बाजूला आहे. पण तो निवांत दिवशी घ्यावा.

वाटेतल्या नाश्त्यावर वेळ घालवू नका. उल्हासनगरच्या सिंधी घरांतून प्रवासाला निघताना कोकी करून बरोबर घेतात: कांदा, हिरवी मिरची आणि भरपूर तेलातुपाचं मोहन घातलेली जाड, खरपूस पोळी. ती दिवसभर मऊ पडत नाही, गार खाल्ली तरी छान लागते आणि गाडीत सांडलवंड होत नाही. तळलेले पकवान डब्यात तसेच कुरकुरीत राहतात. ही शिदोरी आपल्या तिन्ही गावांत सहज मिळते, मग महामार्गावरचा मिसळीचा अर्धा तास वाचतो.

अलिबागला गाडी लावली की सरळ किनाऱ्यावर. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये समोरच्या कुलाबा किल्ल्याचं काम सुरू केलं. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं झालं. वाळूतून चालताना पायाखाली आधी घट्ट, लाटांच्या रेघा उमटलेली वाळू लागते, मग खडक आणि त्यांच्या खळग्यांत अडकून पडलेलं खारं पाणी. साध्या चपला निसटतात. मागे पट्टा असलेली चप्पल घाला. आत गेल्यावर १७५९ मध्ये राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे, गोड्या पाण्याची पुष्करणी आहे, आणि समुद्राकडच्या तटावर चाकांच्या गाड्यावर बसवलेल्या दोन इंग्रजी तोफा. तोफांच्या अंगावर १८४९ हे साल आणि यॉर्कशरमधल्या कारखान्याचं नाव आजही वाचता येतं. म्हणजे या तोफा आंग्र्यांच्या पडत्या काळाच्याही नंतरच्या. मुलांना तो आकडा बोटाने वाचायला लावा. किल्ला कोणाचा आणि तोफ कोणाची, हा प्रश्न ती स्वतःच विचारतात.

परतीची वेळ मात्र घड्याळावर ठेवा. ओहोटी दहाची असेल तर अकराच्या आत वाळूवर परत. पाणी समोरून भिंतीसारखं येत नाही, ते दोन्ही बाजूंच्या सखल पट्ट्यांतून गुपचूप भरत येतं आणि मध्ये चालणाऱ्याला ते गुडघ्याला लागेपर्यंत कळत नाही.

अलिबागमध्ये आणखी थांबायचं असेल तर कान्होजींची समाधी बघा. चुंबकीय वेधशाळा आत जाऊन बघण्यासारखी नसली तरी तिची गोष्ट गाडीत सांगण्याजोगी आहे. मुंबईत विजेवरची ट्राम येणार, तिच्यामुळे कुलाब्यातल्या वेधशाळेच्या नाजूक चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ साली ते काम अलिबागला आणलं गेलं. पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद तिथे आजही चालते.

पुढचा थांबा पंधरा मिनिटांचा आहे आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या यादीत तो नसतो. अलिबागहून नागावकडे जाताना आक्षी लागतं. तिथला शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा मानला जातो, आणि मराठीतला तो सर्वांत जुना लेख म्हणून अनेक अभ्यासक त्याचं नाव घेतात. तो आहे शिलाहारांच्या काळातला. आता अंबरनाथचं शिवमंदिर आठवा. तिथला लेख शके ९८२, म्हणजे १०६० चा, आणि तो याच उत्तर कोकणच्या शिलाहारांचा. ज्या राजवटीने आपल्या वालधुनीच्या काठी एवढं कोरीव देऊळ उभं केलं, तिचाच अंमल या नारळी-पोफळीच्या आगरांवर होता. अंबरनाथच्या माणसाने आक्षीला न थांबता पुढे जाणं मला पटत नाही.

मग चौल आणि रेवदंडा. चौल हे एके काळचं जागतिक बंदर; पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी इथेच उतरला आणि रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. रेवदंड्याचा रस्ता पोर्तुगीज तटबंदीतून जातो, त्यामुळे गाडीत बसूनही किल्ला बघून होतो. जेवण इथे किंवा नागावला उरकून घ्या. कुंडलिकेवरचा पूल ओलांडला की साळाव, आणि मग डोंगराच्या सोंडेवर कोर्लईचा किल्ला. त्याच्या पायथ्याच्या गावात पोर्तुगीजपासून घडलेली एक वेगळीच बोली शतकानुशतकं टिकून आहे. किल्ला चढून बघून यायला तास-दीड तास लागतो. या सहलीत चढू नका, रस्त्यावरून बघा. जे आज सोडलं ते पुढच्या खेपेला.

दक्षिणेकडे जाताना समुद्र आपल्या उजव्या हाताला असतो, म्हणजे गाडी डावीकडे थांबली की पाणी रस्त्याच्या पलीकडे. मुलं उजवं दार उघडून उडी मारतात आणि समोरून डंपर येत असतो. उजव्या खिडकीशी मुलांना जरूर बसवा, पण दाराचं चाइल्ड लॉक लावून. सगळ्यांनी डावीकडून उतरायचं आणि हात धरून रस्ता ओलांडायचा.

काशीदची वाळू पांढरी, पाणी निळं, आणि शनिवारी दुपारी गर्दी जत्रेची. अर्धा तास पाय भिजवा, पोहायला जाऊ नका. हे मी घाबरवायला लिहीत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तो पावसाळा नव्हता, वादळ नव्हतं, उजेडातली दुपार होती. किनारा उथळ दिसतो म्हणून माणूस आत चालत राहतो. उतरतं पाणी बाहेर ओढतं, पायाखालची वाळू सरकते, आणि उल्हास नदीत पोहायला शिकलेल्या माणसाचं कसब तिथे पुरत नाही. जीवरक्षकाने शिट्टी मारली तर वाद न घालता मागे या. गाडी वाळूवर नेऊ नका; ओल्या वाळूत रुतलेल्या आणि भरतीत भिजलेल्या गाड्या काढण्याचं काम तिथल्या गावकऱ्यांना नेहमीच करावं लागतं.

जंजिऱ्याबद्दल माझं मत अनेकांना आवडणार नाही. या दोन दिवसांत जंजिरा आतून बघू नका. राजपुरीच्या धक्क्यावर होडीची रांग, शिडाची होडी, किल्ल्याच्या दारापाशी हेलकावत उतरणं, कलाल बांगडी तोफ, गोड्या पाण्याची तळी, हे सगळं अडीच-तीन तासांचं काम आहे, आणि घाईत केलं तर हाती फक्त फोटो राहतात. मुरूडहून राजपुरीकडे जाताना रस्ता उंचावर चढतो, तिथून सिद्दीचा हा अजिंक्य किल्ला पाण्यात पूर्ण दिसतो, दूरवर पद्मदुर्गही. तिथे वीस मिनिटं थांबा. जंजिऱ्यासाठी मुरूडला मुक्काम करून वेगळी खेप काढा.

आता या रस्त्याचा खरा कणा: खाडी. सह्याद्रीतून निघालेल्या आखूड नद्या समुद्राला मिळताना रुंद खाड्या करतात. आपली उल्हासही तशीच कर्जत-बदलापूरवरून वाहत येऊन शेवटी वसईच्या खाडीत शिरते. रायगडापासून सिंधुदुर्गापर्यंत दर तीस-चाळीस किलोमीटरवर अशी एक खाडी आडवी येते, म्हणून किनाऱ्याचा रस्ता सलग कधी झालाच नाही. रेवस ते रेडी अशा सुमारे ५०० किलोमीटरच्या सागरी महामार्गाची कल्पना बॅ. अंतुल्यांच्या काळापासूनची. आता राज्य रस्ते विकास महामंडळाने मोठ्या खाड्यांवरचे पूल हाती घेतले आहेत. ते होईपर्यंत गाडी बोटीत चढवायची.

आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या या बोटीला सगळे जंगलजेटी म्हणतात. पाचच्या आसपासची फेरी धरायची असेल तर पाऊण तास आधी रांगेत या. वेळा मोसमाप्रमाणे बदलतात. शुक्रवारी फोन करून विचारून घ्या. बोटीचा पुढचा लोखंडी फळा धक्क्यावर टेकतो, खलाशी हाताच्या खुणांनी एकेक गाडी आत घेतो, कधी उलटी घ्यायला लावतो. त्याच्या हाताकडे बघा, आरशाकडे नको. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, माणसं खाली उतरून कठड्याशी. पाण्याची पातळी उतरलेली असेल तर फळ्याचा उतार तीव्र होतो, आणि बुटक्या गाडीचा पुढचा बंपर घासतो. पंचमीला पाचच्या सुमारास भरती नुकतीच होऊन गेलेली असते, त्यामुळे ही अडचण येत नाही. फेरी चुकली तर राजपुरी खाडीला म्हसळ्यावरून भलामोठा वळसा घालावा लागतो आणि संध्याकाळ रस्त्यातच जाते.

दिघीहून दिवेआगर जवळच आहे. फेब्रुवारीत सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास असतो, तो तिथे मिळतो. मुक्काम घरगुती ठिकाणी करा आणि जेवण सकाळीच सांगून ठेवा; तिथे मासळी आणि उकडीचे मोदक माणसं मोजून होतात. इथल्या सुवर्णगणेशाचा मुखवटा १९९७ मध्ये बागेत खणताना सापडला, २०१२ मध्ये दरोड्यात गेला, आणि २०२१ मध्ये पुन्हा मंदिरात आला. रूपनारायणाचं देऊळही चुकवू नका. आतली विष्णुमूर्ती शांतपणे बघावी अशी आहे.

गावातून फिरताना काही वाड्यांत जुनी उंच झाडं आणि त्यांच्यामध्ये बुटकी रोपं दिसतात. ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यावर आदळलं आणि काही तासांत माड-पोफळी आडव्या झाल्या. पोफळीला लावल्यापासून फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. त्यामुळे श्रीवर्धनची रोठा सुपारी, नारळ, कोकम घ्यायचं ते वाडीवाल्याकडून घ्या आणि भावात घासाघीस करू नका.

रविवारी आठला निघा. दिवेआगर ते श्रीवर्धन हा आरावी-शेखाडीवरून जाणारा रस्ता या सगळ्या सहलीतला सर्वांत देखणा तुकडा आहे. डावीकडे डोंगर, उजवीकडे थेट खडकांवर फुटणाऱ्या लाटा, मध्ये एक गाडी जेमतेम सुटेल एवढी वळणं. इथे ताशी तीसच्या वर जाऊ नका आणि हवं तिथे थांबा, फक्त वळणावर नको. श्रीवर्धन हे भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचं गाव. तिथे चहा घेऊन पुढे हरिहरेश्वर, सव्वादहापर्यंत.

आधी कालभैरव, मग हरिहरेश्वर असं दर्शन घेतात. त्यानंतर देवळामागून डोंगराच्या फटीतून पायऱ्या खाली उतरतात आणि आपण एकदम समुद्राच्या तळपातळीवर येतो. लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने खडकाला मधाच्या पोळ्यासारखी छिद्रं पाडली आहेत; हात फिरवला तर कडा धारदार लागतात. ही प्रदक्षिणा फक्त ओहोटीची. पाणी चढायला लागलं की खडकाचा पट्टा लाटेखाली जातो आणि माघारी फिरायला जागा उरत नाही. इथे माणसं वाहून गेली आहेत. पुजारी किंवा दुकानदार ‘आता नको’ म्हणाले तर पायऱ्यांवरूनच परत या, तुमच्या मोबाइलमधला तक्ता काहीही सांगत असो.

जेवून एकच्या सुमारास निघा. म्हसळा, माणगाव, मग महामार्गाने कोलाड, नागोठणे, पेण. रविवारी चारनंतर सगळा कोकण एकदम मुंबईकडे निघतो आणि वडखळ-पेण पट्ट्यात गाड्या थबकतात; त्याआधी तिथून सुटलात तर सातपर्यंत घरी. पांढऱ्या कांद्याची वेणी परतीच्या वाटेवर घ्या. अलिबागच्या या कांद्याला भौगोलिक मानांकन आहे आणि हंगामात त्याच्या माळा रस्त्यालगत टांगलेल्या असतात.

दोन दिवसांत हरिहरेश्वरच्या पुढे जायचा मोह आवरा. बागमांडल्याहून वेसवीला बोट जाते, तिथून बाणकोट, केळशी, आंजर्ले, हर्णै. पुढे दाभोळ-धोपावे ही २००३ पासून चालणारी फेरी, गुहागर, हेदवी, तवसाळ-जयगड आणि गणपतीपुळे. त्याला किमान चार दिवसांची रजा लागते. पूल झाले की या फेऱ्या हळूहळू बंद होतील आणि खाडी दोन मिनिटांत मागे पडेल. तेव्हा येत्या हिवाळ्यात घरातल्या मुलांना घेऊन एकदा तरी गाडीसकट बोटीने खाडी ओलांडून या.